एक्केचाळीस कुठे आहे?

तालुका कचेरी
४ मार्च

मामा,

तुला एक नमस्कार आणि मामीला दोन, कारण तिचा एक मागच्या वेळचा राहिलाय. फोनच करणार होते. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की सगळी कचेरी हातातलं काम टाकून ऐकत बसते. म्हणून पत्र.

तुझ्या जुन्या तालुक्यात येऊन मला महिना झाला. तू ज्या खोलीत नकाशे काढायचास तीच खोली मला मिळाली. खिडकीची एक झडप अजून लागत नाही. समोरच्या भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा आहे आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात तुझी सही. पहिल्याच दिवशी शिपायाला बोट लावून दाखवलं, "हे माझे मामा." तो म्हणाला, "असतील बाई, पण बोट लावू नका, वॉर्निश निघतं."

साहेबांना तालुक्याचं माहितीपुस्तक हवंय. त्यात तीन प्रकरणं: भूगोल, लोक आणि प्रशासन. भूगोल चार दिवसांत उरकला. उत्तरेला डोंगर, मधून नदी, नदीला मोठं वळण, एकूण त्रेसष्ट गावं. लोकांचंही जमत आलंय. गुरं राखणारे, मडकी करणारे, मासे धरणारे, आणि बाकीचे सगळे कचेरीत खेपा घालणारे. माझा पाय अडकलाय तो प्रशासनात.

इथे एकाच नावाची तीन तीन गावं आहेत, म्हणून कचेरी गावाला नावाने नाही, क्रमांकाने ओळखते. हे तुला सांगायला नको. तर गावांच्या नोंदवहीत ४१ म्हणजे नदीकाठचं गाव आणि ४२ म्हणजे डोंगरावरचं. तुझ्या नकाशात मात्र ४१ डोंगरावर आहे आणि ४२ नदीकाठी! मी आधी चष्मा पुसला. मग नकाशा पुसला (ओल्या फडक्याने नाही, घाबरू नकोस). आकडे काही हलले नाहीत.

एरवी म्हटलं असतं, असेल काहीतरी. पण पुराच्या भीतीने काही गावं पावसाळ्याआधी उंच जागी हलवायची असा वरून हुकूम आलाय. गावं ठरवली नकाशा बघून. त्यात नदीकाठचं ४२ आलं. मग नोटिसा काढणाऱ्याने नोंदवही उघडली, ४२ च्या पानावरची एकशे सोळा कुटुंबं उतरवून घेतली आणि नोटिसा धाडल्या. त्या गेल्या डोंगरावर.

काल तिथली सरपंचबाई नोटिसांचा गठ्ठा घेऊन आली. "नदी आमच्या घरात शिरणार म्हणता?" ती म्हणाली. "शिरू दे की! आमच्या बायका रोज अर्धा डोंगर उतरून पाणी आणतात. तारीख तेवढी सांगा, घागरी दारात मांडून ठेवतो."

सगळी खोली हसली. मीही हसले. मग लक्षात आलं की नदीकाठी एकही नोटीस गेलेली नाही. त्यानंतर हसू येईना.

आता मला एवढंच सांग. चूक कोण, नोंदवही की नकाशा? तू सांगशील ते मी डोळे मिटून लिहीन.

तुझी,
भिंगरी

*

१३ मार्च

चि. भिंगरीस मामाचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. तू त्या खोलीत बसतेस ही गोष्ट मामीने शेजारपाजारी सगळ्यांना सांगितली आहे. झडपेच्या बिजागरीत कागदाची घडी घाल म्हणजे लागेल.

भूगोल चार दिवसांत उरकलास हे मात्र मला पटलं नाही. तो तालुका समजायला मला दोन वर्षं लागली. नदीच्या वळणापाशी उभी राहिलीस तर पाणी उलट्या दिशेला चाललंय असं वाटेल. नवीन माणसाला तिथे दिशा कळत नाही. डोंगराचा माथा खालून सपाट दिसतो, पण वर गेल्यावर त्याला तीन खोलगट खोंगळ्या आहेत आणि गाव मधल्या खोंगळीत आहे. हे सगळं मी साखळी घेऊन पायी मोजलं. पायात काटे मोडले, दोनदा ताप आला. अठ्ठेचाळीस कागद जोडून तो नकाशा झाला. त्याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं होतं, ते तू लहानपणी पाहिलं आहेस.

नोंदवह्यांचं म्हणशील तर त्या दर काही वर्षांनी कारकून खुर्चीत बसून उतरवतात. उतरवताना ओळी खालीवर होतात. नकाशा पायी चालून होतो. यावरून काय ते तू समज. तू शहाणी आहेस.

माझं ऐकशील तर या आकड्यांत फार गुंतू नकोस. माहितीपुस्तक संपव आणि शहरात बदली माग. त्या तालुक्याची हवा तुला मानवणार नाही. लहानपणी तुला सारखी सर्दी व्हायची.

मामा

*

तालुका कचेरी
३० मार्च

मामा,

सर्दी झालेली नाही, पण डोक्याचा पार भुगा झालाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि समजले की नोंदवही चूक. तशी टिपणी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी मान वर न करता सही केली. त्याचा परिणाम असा की डोंगरावरची नोटीस रद्द व्हायची ती राहिली बाजूला, उलट तिथल्या एकशे सोळा कुटुंबांची राहती घरं आता कागदावर नदीकाठी गेली! जमिनीचे उतारे, जन्माचे दाखले, पोरांचे शाळेचे कागद, सगळ्यांवर प्रश्नचिन्ह. परवा अख्खं गाव कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसलं. एक म्हातारबाबा मला विचारत होते, "बाई, मी राहतो कुठे तेवढं सांगा, म्हणजे घरी जायला बरं." ते चेष्टा करत नव्हते. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

मग ठरवलं, कागद पुरे, डोळ्यांनी पाहू. काल नदीकाठच्या गावी गेले. रस्ता वळणापाशी संपतो, पुढे नावेतून. नावाडी म्हणाला, सरकारी माणूस या बाजूला दोन वर्षांनी आला. सत्तर-एक घरं आहेत, बहुतेक भिंतींवर कंबरेच्या वर पाण्याची जुनी खूण. शाळेत गेले. तिथला लाकडी मुठीचा शिक्का पाहिला. त्यावर ४१. हा शिक्का तुझ्या नकाशाच्याही आधीचा आहे, मामा. म्हणजे नोंदवही बरोबर? मग तू पायी चालून मोजलेलं काय?

शाळेच्या मागे जुने मास्तर राहतात. निवृत्त झालेत, एकटेच असतात. नीटनेटकं अंगण, दोरीवर एकच सदरा. मी विचारलं, "मास्तर, तुमच्या गावाचा क्रमांक काय हो?"

त्यांनी अंगणात पडलेलं एक पान उचलून बाहेर टाकलं. मग म्हणाले, "ते मला सोडून कोणालाही विचारा. माझ्या तोंडून एकदा चुकीचा आकडा गेलाय."

मी चेष्टेने घेतलं, पण ते हसले नाहीत. मग त्यांनीच सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी सकाळी नदी चढली. गावातला एकुलता एक फोन शाळेत. पाणी पायरीला लागलं तेव्हा मास्तरांनी पूर नियंत्रण कक्षाला फोन केला. पलीकडच्याने गावाचं नाव ऐकून घेतलंच नाही, म्हणाला, क्रमांक सांगा. मास्तरांनी सांगितला. लोकांना शाळेच्या छपरावर चढवलं आणि सांगितलं, तासाभरात नावा येतील. दुपारपर्यंत नावा आल्या नाहीत. त्या गेल्या होत्या डोंगराच्या पायथ्याशी! तिथे पाणी कुठलं? लोकांनी सांगितलं इथे सगळं ठीक आहे, आणि नावा परतल्या. इकडे शाळेच्या छपराचा एक भाग खचला. त्यावर मास्तरांची बायको होती.

नंतर चौकशी झाली. निकाल एका ओळीचा: गावाने चुकीचा क्रमांक कळवला. मास्तरांना आपला क्रमांक ४१ हे पाठ होतं, शिक्का रोज हातात. पण नावा गेल्या ४२ ला. म्हणजे घाबरून आपण ४२ म्हणालो असणार, असं त्यांनी मानून घेतलं. "म्हणालो की नाही, ते आठवत नाही," ते म्हणाले. "पण नावा काय स्वतःहून गेल्या?" त्यांची मुलगी तेव्हा शहरात शिकत होती. तिला त्यांनी स्वतःच सांगितलं की माझ्या चुकीने तुझी आई गेली. ती त्यानंतर गावाला आलेली नाही.

मी निघताना ते म्हणाले, "तेव्हा मी नकाशा शाखेला पत्र लिहून विचारलं होतं, नकाशात आमच्या गावाचा क्रमांक काय आहे. उत्तर आलं नाही. मग मी विचारणं सोडून दिलं."

मामा, तेव्हा जिल्ह्याच्या नकाशा शाखेत मुख्य तूच होतास ना? तुला असं पत्र आठवतं का? टपालात गहाळ झालं असेल का? एखाद्या कारकुनाने फायलीत घालून ठेवलं असेल. जरा आठवून कळव. मला काहीच सुधरत नाही.

भिंगरी

*

तालुका कचेरी
१९ एप्रिल

मामा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? माझ्या लिहिण्यात काही चुकलं का? दोन ओळी तरी टाक.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शिक्का एक सांगतो, नकाशा एक सांगतो. छापील नकाशा चुकला हे कोणी म्हणायचं? तुम्ही? उद्या उलटं निघालं तर? ज्याने काढला त्याने लेखी दिलं तर मी आजच्या आज हुकूम फिरवतो." मी म्हणाले, त्यात काय, ते माझे मामाच आहेत!

सांगून तर बसले. आता तू गप्प.

भिंगरी

*

२५ एप्रिल

चि. भिंगरी,

मी मामी. मला लिहिण्याची सवय नाही, समजून घे.

ह्यांची तब्येत बरी आहे आणि बरी नाहीही. ताप नाही, खोकला नाही. तुझं ते मोठं पत्र आल्यापासून धड जेवत नाहीत. बाहेरच्या खोलीत काचेत लावलेली त्यांच्या नकाशाची प्रत खाली काढून पलंगाखाली सारली. मी विचारलं का, तर म्हणाले वाळवी लागेल. अगं, काचेला कुठे वाळवी लागते?

परवा माळ्यावरची जुनी पेटी काढली. ती पेटी मी कधी उघडलेली नाही, त्यांनी उघडू दिली नाही. त्यातून एक पत्र काढून दिवसभर खिडकीत बसले होते. मला वाटलं कोणा बाईचं असेल. ह्या वयात हसू का रडू कळेना. मी सरळ विचारलं. तर म्हणाले, "बाईचं असतं तर बरं झालं असतं."

तू काय लिहिलं होतंस गं त्यांना? मला वाचून दाखवत नाहीत. काही असेल ते त्यांना ओरडून विचार, पण विचार. मी सदतीस वर्षं हळू आवाजात विचारतेय, त्याचा उपयोग झालेला नाही.

तुझी मामी

*

३ मे

चि. भिंगरी,

नकाशा चुकला आहे.

ही ओळ लिहायला मला महिना लागला. आता पुढचं लिहिता येईल असं वाटतं.

अठ्ठेचाळीस कागद जोडून झाले आणि शेवटी गावांचे क्रमांक घालायचे होते. नोंदवही डावीकडे, नकाशा उजवीकडे. एका सकाळी त्रेसष्ट आकडे घातले. त्यात दोन अदलाबदल झाले. का, ते मला सांगता येत नाही. आजारी नव्हतो, घाई नव्हती, कोणाशी भांडलो नव्हतो. कारण असतं तर ते मी धरून बसलो असतो. हात चालत होता आणि मन तिथे नव्हतं, एवढंच. तपासणाऱ्याने तपासलं नाही, त्याचा माझ्या अक्षरावर विश्वास होता.

सात वर्षं मला हे माहीत नव्हतं. मग पूर आला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मास्तरांचं पत्र आलं. ते गहाळ झालं नाही. कारकुनाने फायलीत घातलं नाही. माझ्या हातात आलं. उत्तर द्यायला मी नकाशा उघडला आणि एका नजरेत मला दिसलं. तेव्हाच चौकशीचा निकालही टेबलावर होता. गावाने चुकीचा क्रमांक कळवला. मला कळलं की गावाने बरोबर कळवला होता, नावा मात्र माझा नकाशा बघून गेल्या होत्या.

त्या दिवशी मी ते पत्र खिशात घालून घरी आणलं. उद्या लिहू असं म्हटलं. पुढच्या आठवड्यात लिहू. मग वाटलं, आता इतक्या उशिरा लिहिलं तर उशिराचं कारण विचारतील. मग तर लिहिणं अशक्यच झालं. पहिल्या दिवशी ती चूक होती. दुसऱ्या दिवसापासून तिला चूक म्हणता येणार नाही. तिला काय म्हणायचं ते तू ठरव.

तुला मार्चमध्ये जे लिहिलं त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ते सगळं मिळून खोटं होतं. तू त्यावर टिपणी लिहिलीस, लोकांच्या घरांवर प्रश्नचिन्ह लागलं. तेही माझ्या हिशेबी.

साहेबांसाठी लेखी निवेदन सोबत जोडलं आहे. सही नेहमीपेक्षा मोठी केली आहे.

मामा

*

तालुका कचेरी
१० मे

मामा,

तुझं निवेदन साहेबांना दिलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं. हुकूम फिरवायला घेतलाय. डोंगरावरच्या नोटिसा रद्द होतील, नदीकाठी नव्या जातील. माझी टिपणीही मागे घेतली. तेवढं एक झालं.

बाकी काय लिहायचं मला कळत नाही. तीन वेळा पत्र लिहून फाडलं. पहिल्यात तुला खूप बोलले होते. दुसऱ्यात तुझी समजूत घातली होती, ते वाचून माझाच मला राग आला. तू मला पेन्सिलीला टोक करायला शिकवलंस. तुझ्यामुळे मी या खात्यात आले. आणि ते मास्तर एकोणीस वर्षं एक सदरा दोरीवर टाकून बसलेत. ही दोन्ही माणसं मला एका वेळी डोक्यात ठेवता येत नाहीत. एक आलं की दुसरं जातं.

चार दिवस दप्तरखान्यात बसून कागद बांधलेले जुने रुमाल सोडत होते. पूर नियंत्रण कक्षाची त्या वर्षीची वही सापडली. झुरळांनी कडा खाल्ल्यात, पण पान शाबूत आहे. त्याची नक्कल सोबत घातली आहे. त्यात लिहिलंय: "सकाळी सात दहा. शाळेतून फोन. गाव ४१. पाणी पायरीला. नावा पाठवा." वहीवर एक्केचाळीस ठळक आहे, गिरवून लिहिलंय. म्हणजे मास्तरांनी तो बहुधा दोनदा सांगितला.

हे मी मास्तरांना जाऊन सांगू शकते. नाव अर्ध्या तासात पोचते. पण मी सांगणार नाही. त्यांचं पत्र माझ्या नावे आलं नव्हतं.

भिंगरी

*

नदीकाठचं गाव
२२ मे

चि. भिंगरी,

हे पत्र मी मास्तरांच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. ते आत आहेत.

काल सकाळी आलो. नावाड्याने मला हात धरून उतरवलं. मी या गावात सत्तावीस वर्षांपूर्वी साखळी घेऊन आलो होतो. गाव आहे तिथेच आहे, मी मात्र वाट विसरलो. एका बाईला विचारलं, तिने शाळा दाखवली.

मास्तर अंगणात रोपांना पाणी घालत होते. मी कोण ते सांगितलं. ते म्हणाले, "नकाशावाले? या, बसा." मला वाटलं होतं आधी थोडं इकडचं तिकडचं बोलावं. पण बसलो की मला उठता येणार नाही असं वाटलं, म्हणून उभ्यानेच सांगितलं. सगळं. त्यांचं पत्र खिशातून काढून त्यांना परत दिलं आणि तू पाठवलेली नक्कल दिली.

त्यांनी नक्कल वाचली. पुन्हा वाचली. मग विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"फोनवर जो कारकून होता त्याचं."

"म्हणजे मी एक्केचाळीसच म्हणालो."

"हो. तुम्ही बरोबर सांगितलंत. चूक नकाशात होती. माझी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमचं पत्र आलं त्या दिवशी."

त्यांनी बोटांवर मोजलं. शिकवणाऱ्या माणसाची सवय. मग उठून आत गेले. मला वाटलं काठी आणायला गेले, आणि खरं सांगतो, आणावी असं वाटत होतं. ते पाण्याचा पेला घेऊन आले. तो मला दिला नाही. माझ्यासमोर उभे राहून स्वतः सगळा प्यायले.

मी म्हणालो, "मास्तर, मी माफी मागायला..."

"नको," ते म्हणाले. "ती घेऊन मी काय करू? तुम्ही लिहायला बसा."

मला कळेना. ते म्हणाले, "माझ्या मुलीला पत्र लिहा. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की ती उघडत नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. ते एकदा माझ्या कामी येऊ दे."

कागद आणला. त्यांनी मजकूर सांगितला, "मी क्रमांक बरोबर सांगितला होता." तेवढा लिहून मी थांबलो. ते येरझाऱ्या घालत होते, तोंड उघडायचे, मिटायचे. अर्धा तास गेला. मी म्हणालो, माझं नाव घालतो, चूक माझी हे लिहितो. ते म्हणाले, "ते खाली तुमच्या जागेत लिहा. वर माझं एवढंच." तसंच केलं. नक्कल आत घातली आणि नावाड्याकडे पत्र दिलं.

मला वाटलं आता ते जा म्हणतील. ते म्हणाले, "सत्तर घरं हलवायची आहेत. कोणाचं काय सामान त्याची यादी लागेल. लिहिणारा माणूस कोणी नाही." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी अंगणात सतरंजी टाकून दिली. ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. हा राग आहे की आणखी काही, मला समजत नाही, आणि विचारण्याचा मला अधिकार नाही.

मामीला सांग, औषधं सोबत आहेत.

मामा

*

तालुका कचेरी
१७ जून

मामा,

तू घरी पोचलास आणि मामी तुला वाटीवाटीने भरवतेय हे तिच्या पत्रातून कळलं. ती आता मोठ्या आवाजात विचारते म्हणे. बरं झालं.

तुला तीन तारखेला परत जावं लागलं म्हणून पुढचं कळवते. तुझ्यावरच्या चौकशीचा कागद तुझ्या पत्त्यावर येईल, साहेबांनी तो थांबवला नाही आणि मीही थांबवायला सांगितलं नाही. भिंतीवरच्या नकाशावर दोन छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डिंक मी लावला. शिपाई बघत होता, पण या वेळी वॉर्निशबद्दल काही बोलला नाही. डोंगरावरची सरपंचबाई येऊन नोटिसांच्या जागी रद्दचे कागद घेऊन गेली. जाताना म्हणाली, "म्हणजे नदी येत नाही तर. बायकांना काय सांगू?" त्यांच्या पाण्याचं मी माहितीपुस्तकात लिहिलंय. प्रशासनाच्या प्रकरणात, भूगोलात नाही.

सात तारखेपासून गाव हलायला लागलं. तुझी यादी सगळ्यांच्या हातात होती. माळावर पत्र्याच्या खोल्या उभ्या आहेत, त्यांना दारं अजून लागायची आहेत. लोक कुरकुरत होते, पण जात होते. नदी तेव्हाच काठाला टेकली होती. अकरा तारखेला ती शाळेच्या पायऱ्या चढून आत गेली. गावात तेव्हा कोणीही नव्हतं. एक कोंबडीसुद्धा नाही.

पण मला सांगायचंय ते दहा तारखेचं.

शेवटची दहा-बारा घरं राहिली होती, त्यात मास्तर. मी काठावर उभी राहून नावांची नोंद करत होते. उलट्या बाजूने येणाऱ्या रिकाम्या नावेत एक बाई बसलेली. चाळिशीची, हातात छोटी बॅग. सगळे गाव सोडून जातायत आणि ही येतेय, म्हणून मी हटकलं, "बाई, गाव रिकामं करतोय, कुठे निघालात?" ती म्हणाली, "माझं घर आहे तिथे." मी पुढे बोलायच्या आत ती चिखलातून निघूनही गेली. मला वाटलं पत्रकार असेल, नाहीतर कोणी जमीनवाली. मी वहीत "एक बाई, कारण अस्पष्ट" असं लिहिलं. खरंच लिहिलंय, मामा, नोंद तशीच आहे.

थोड्या वेळाने मास्तरांच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. कोणी पडलं की काय म्हणून मी धावले. तर अंगणात लाकडी कपाट, आत शाळेच्या जुन्या हजेऱ्या कोंबलेल्या, आणि कपाटाच्या दोन बाजूंना मास्तर आणि ती बाई.

"हे कपाट नावेत घातलं तर नाव बुडेल!" ती ओरडत होती. "कागद आहेत ते, कागद!"

"चाळीस वर्षांच्या हजेऱ्या आहेत. मी टाकणार नाही."

"बाबा, तुम्हाला कळतं का काही?"

"मला कळतं!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की नावाडी काठावरून वळून बघायला लागला. "मला सगळं बरोबर कळतं! तेव्हाही कळत होतं!"

मला तिथून निघावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. ती त्यांच्याकडे बघत होती, ते कपाटाकडे. पाणी शाळेच्या खालच्या पायरीशी आलं होतं, मी मधेच म्हणाले, "वेळ नाही हो." कोणाचं लक्ष नव्हतं.

तिने पदर खोचला. चिखलात पाय रोवून कपाटाचा खालचा कोपरा धरला.

"उचला," ती म्हणाली.

भिंगरी